एच.आय.व्ही.बाधित बालकांचे मौखिक आरोग्य

एच.आय.व्ही.बाधित बालकांचे मौखिक आरोग्य हा बालरोगचिकित्सा आणि दंतवैद्यक या दोन्ही शाखांशी निगडित विषय आहे. बहुतेक बालकांना हा विषाणू गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून मातेकडून मिळतो. रोगप्रतिकारशक्ती खालावल्याची पहिली दृश्य खूण पुष्कळदा मुखातच आढळते.

मुखातील लक्षणे

सर्वाधिक आढळणारा विकार म्हणजे कँडिडा बुरशीचा संसर्ग. यात जीभ, टाळू व गालांच्या आतील बाजूस दह्यासारखे पांढरे थर साचतात. पुसले असता खालची त्वचा लाल दिसते. मराठीत यालाही ‘तोंड येणे’ म्हणतात आणि साध्या व्रणांनाही. एकाच नावामुळे दोन्हींवर घरगुती उपाय होत राहतात व निदान लांबते. नवजात अर्भकात असे थर निरोगी असतानाही येतात. परंतु वयाच्या ६ ते ८ आठवड्यांनंतर ते टिकून राहिल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हे तिसऱ्या अवस्थेचे लक्षण ठरते.

कानाखालील लालाग्रंथींच्या सुजेबाबतही असाच घोटाळा होतो. गालगुंड दुखते व साधारण आठवड्याभरात ओसरते, एच.आय.व्ही.मधील सूज बहुधा वेदनारहित, दोन्ही बाजूंना आणि महिनोन्‌महिने राहणारी असते. याशिवाय नागीण गटातील विषाणूचे फोड, वारंवार येणारे व्रण, हिरड्यांच्या कडेची लाल रेघ आणि दात उशिरा येणे हेही आढळते.

औषधे आणि दंतक्षय

भारतात मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. बालकांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये आला. कोल्हापुरात ‘थोरला दवाखाना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. या उपचारांनी बुरशीसंसर्ग व व्रण बरेच घटतात, दंतक्षय मात्र आपोआप घटत नाही. मुलांची अनेक पातळ औषधे साखरेच्या पाकात बनवलेली असतात. ती दीर्घकाळ आणि कित्येकदा झोपण्यापूर्वी दिली जातात. रात्री लाळ कमी स्रवत असल्याने साखर दातांवर राहते. म्हणून मात्रेनंतर चूळ भरणे किंवा लहानग्यांचे दात ओल्या फडक्याने पुसणे आवश्यक असते. कडू औषध गुळाच्या खड्याबरोबर दिल्यानेही तेच घडते. कोल्हापुरी गूळ कितीही नामांकित असला तरी दातांच्या दृष्टीने तो साखरच आहे.

तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी, तर ३ ते ६ वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरतात. मिश्रीत तंबाखू असल्याने ती दात घासण्यास देऊ नये. दुखऱ्या तोंडामुळे मूल जेवत नाही, औषधही थुंकते. मात्रा चुकत गेल्या की विषाणू औषधांना दाद देईनासा होतो. त्यामुळे किडलेला दुधाचा दात ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देणे येथे विशेष हानिकारक ठरते.

दंतोपचार

दात भरणे वा काढणे यांस एच.आय.व्ही. ही स्वतः अडचण नाही. रक्तस्राव वा जंतुसंसर्गाची शक्यता असल्यास दात काढण्यापूर्वी रक्तातील पट्टिका व पांढऱ्या पेशी तपासतात. प्रत्येक रुग्णासाठी पाळावयाची निर्जंतुकीकरणाची पद्धतच पुरेशी असते. वेगळी खुर्ची किंवा अवजारे लागत नाहीत. तरीही नकाराच्या भीतीने पालक निदान लपवतात. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार बाधित असल्याच्या कारणावरून आरोग्यसेवा नाकारता येत नाही. २० किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आरोग्यसंस्थेने तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे.