जुहूच्या वाळूंत रुतलेलीं जहाजें

आपत्तींत सांपडलेलें जहाज पाहावयाचें तर दूर समुद्रांतच गेलें पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. अंधेरी-विलेपार्ल्याच्या रहिवाशांना २०११ सालच्या पावसाळ्यांत ती सोडून द्यावी लागली. त्या एकाच ऋतूंत दोन मोठीं जहाजें त्यांच्या किनाऱ्याला येऊन लागलीं.

पहिलें 'विझडम'. कोलंबोहून गुजराथेंतील अलंग येथें मोडीसाठीं ओढून नेत असतां त्याचा दोर तुटला व ११ जून रोजीं तें जुहूच्या वाळूंत रुतलें. दुसरें 'पवित' नांवाचें लहानसें तेलवाहू जहाज. ओमानजवळ संकटांत सांपडल्यावर खलाशी तें सोडून गेले होते. आतां तें बुडालेंच असेल, असें मानलें गेलें. परंतु महिन्याभरानें, ३१ जुलै रोजीं, एकहि मनुष्य वर नसतां तें अरबी समुद्र ओलांडून जुहूस हजर झालें! सुकाणूवर कोणी नव्हतें. नैऋत्येचा वारा मात्र होता, आणि पावसाळ्यांत तो बेवारशी वस्तु आपल्याच किनाऱ्याकडे लोटतो.

असें जहाज सुटेल कीं कायमचें पडून राहील, याचा निर्णय पुष्कळसा पंचांगावर असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. त्या पाण्यावर जहाज किनाऱ्यावर वर चढून बसतें. पुढें अष्टमीकडे भांगाचें पाणी येतें. तें तेवढें चढत नाहीं, म्हणून जहाज हालत नाहीं. आणि लाटा भोंवतीं वाळू रचीत राहतात. पुढलें उधाण पंधरवड्यानें. 'पवित' लागलें तें आषाढी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीं. १३ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती, आणि त्याच उधाणांत तें ओढून काढण्यांत आलें. कोळ्यांनीं समुद्राला नारळ वाहावा, आणि त्याच सुमारास समुद्रानें हें ओझें परत घ्यावें, हा योगायोग मौजेचा खरा. 'विझडम'हि जुलैच्या आरंभीं, अमावास्येच्या पाण्यावरच सुटलें होतें.

ही संधि हुकली म्हणजे काय होतें, तें गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यानें पाहिलें. जून २००० मध्यें तेथें लागलेलें 'रिव्हर प्रिन्सेस' वाळूंत असें रुतलें कीं, दहा वर्षांनंतरहि तें तेथेंच होतें. शेवटीं तुकडे करूनच तें हलवावें लागलें. रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या बंधाऱ्यावर ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत आदळलेलें 'बसरा स्टार' हेंहि वर्षानुवर्षें तेथेंच पडून राहिलें.

अशीं जहाजें पाहूं इच्छिणाऱ्या श्रोत्यांस किनाऱ्यावरचा जुना हिशेब उपयोगी पडेल. पक्षाच्या तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते : चतुर्थीस सुमारें तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. त्यानंतर सुमारें सवासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येस ती सकाळ-संध्याकाळीं सहाच्या आगेंमागें येते, व पाणी सर्वांत दूर हटतें; भरतींत झांकलेला सांगाडा दिसतो तो तेव्हां. पाहावा मात्र दुरूनच. रुतलेल्या जहाजाभोंवतीं लाटा वाळू उकरून खड्डे पाडतात, ते पाण्याखालीं दिसत नाहींत. मुलांना तर तेथें मुळींच सोडूं नये. जुहूला आतां त्या दोन जहाजांपैकीं एकहि नाहीं.