पहिलं यश आणि पगारपत्रक

कॅलिफोर्नियातल्या टेलटेल गेम्स या कंपनीने २०१२ साली ‘द वॉकिंग डेड’ हा गेम आणला. पाच भागांत उलगडणारी कथा, आणि कोणाला वाचवायचं याचा पेच बंदूक चालवण्यापेक्षा मोठा. त्याला वर्षातले अनेक मानाचे पुरस्कार मिळाले. यशामागून माणसं आली, कर्मचारी चारशेच्या घरात गेले. एवढ्यांचा पगार दरमहा काढायचा तर गेमही सतत बाजारात यायला हवेत. मग ‘गेम ऑफ थ्रोन्स’, ‘माइनक्राफ्ट’, ‘बॅटमन’ अशा परक्या मालकीच्या नावांचे परवाने घेऊन तोच साचा पुन्हा पुन्हा वापरला गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ९० जणांना कमी केलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये जवळपास सगळ्यांना घरी पाठवलं. तिथल्या लोकांच्या कल्पना आटल्या होत्या असं मला वाटत नाही. नवं करून पाहायला आणि फसलं तर टाकून द्यायला लागणारा वेळ पगारपत्रकाने खाल्ला होता.

गेम बनवण्याच्या खर्चात मोठा वाटा पगारांचा असतो. त्यामुळे गाठीशी असलेला पैसा किती महिने पुरेल, हे माणसांच्या संख्येवर ठरतं, आणि किती धाडस परवडेल हे त्या महिन्यांवर. म्हणूनच नोकरभरती हा छोट्या स्टुडिओसाठी कलेचाही निर्णय आहे. ‘बॅस्टियन’ (२०११) गाजल्यावरही सुपरजायंट गेम्सने आपला चमू विसेक जणांपर्यंतच ठेवला. त्यानंतरचे त्यांचे पहिले तीन गेम एकमेकांपासून वेगळे निघाले. त्यातला ‘हेडीज’ त्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला ठेवला आणि खेळाडूंचं ऐकत, बदल करत २०२० मध्ये पूर्ण केला.

सुपरजायंट हे तरलेल्याचं उदाहरण झालं, छोटे स्टुडिओ तर रोज बुडतात, हा आक्षेप खरा आहे. पहिल्या गेमसाठी लहान असणं पुरत नाही, पैसा बाहेरूनच यावा लागतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’साठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला, गेम आला २०२० मध्ये. माझं म्हणणं पहिलं यश हाती आल्यानंतरचं आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: वाढच नको म्हटलं, तर गाजलेल्या गेममध्ये खेळाडूंना हवी असलेली भर कोण घालणार, आणि नव्या मुलांना काम कुठे मिळणार?

याचं मला पटलेलं उत्तर फ्रान्सच्या बोर्दोमधल्या मोशन ट्विनने दिलं. ही कामगारांचीच सहकारी संस्था आहे. सगळ्यांना समान पगार, माणसं दहाच्या आसपास. २०१८ मध्ये तिचा ‘डेड सेल्स’ हा गेम तुफान चालला, तेव्हा संस्था फुगवण्याऐवजी काही सहकाऱ्यांनी एव्हिल एम्पायर ही वेगळी कंपनी काढली. गेममध्ये भर घालण्याचं काम २०२४ पर्यंत तिने सांभाळलं, त्यातून लोकांना रोजगारही मिळाला. मूळ चमू लहानच राहिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘विंडब्लोन’ हा अगदी नवा गेम त्याने खेळाडूंपुढे ठेवला.