विश्लेषण : घरचा फोन इंटरनेटवर नेताना नेमके काय बदलते?

घरातला जुना लँडलाइन फोन तांब्याच्या तारेवरून काढून फायबर इंटरनेटवर नेण्याचा सल्ला आता दूरसंचार कंपन्यांकडून सर्रास मिळतो. फोनचे यंत्र बहुधा तेच चालते, कधी कधी क्रमांकही तोच राहतो आणि आवाज स्वच्छ येतो. मग विचार करण्याजोगे आहे तरी काय? वीज गेल्यावर हा फोन वाजणार का, जुना क्रमांक टिकणार का आणि घरात ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील तर कोणती तयारी हवी, याचा हा आढावा.

जुना फोन कसा चालत असे?

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली ती जानेवारी १८८२ मध्ये. पुढे यंत्रे बदलली, हाताने जोडणी करणारे ऑपरेटर गेले, संगणकीकृत एक्स्चेंज आली. पण एक्स्चेंजपासून घरापर्यंत येणारी तांब्याच्या तारांची जोडी मात्र कायम राहिली. या जोडीतून केवळ आवाज येत नसे, तर फोनला लागणारी वीजही येत असे. एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून साधारण ४८ व्होल्टचा दाब या तारेवर सतत असतो. घंटी वाजवण्यापुरता जास्त दाबाचा प्रवाहही तिथूनच पाठवला जातो. त्या बॅटऱ्यांच्या मागे डिझेल जनरेटर असतो. त्यामुळे अख्ख्या गल्लीत अंधार झाला तरी तारेचा साधा फोन सुरू राहत असे. त्याला घरातल्या प्लगची गरजच नव्हती.

अर्थात ही सोय फक्त तारेच्या साध्या फोनची. कॉर्डलेस फोन वापरणाऱ्यांनी ती केव्हाच गमावली आहे, कारण कॉर्डलेसचा तळ घरच्या विजेवर चालतो.

इंटरनेटवरचा फोन कसा चालतो?

येथे आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते. सर्वाधिक रुळलेल्या पद्धतीत सेकंदाला ८ हजार वेळा आवाजाचे मोजमाप घेतले जाते आणि ते सेकंदाला साधारण ५० लहान पाकिटांत भरून नेटवर्कवर सोडले जाते. पलीकडे ती पाकिटे उघडून पुन्हा आवाज तयार होतो. हे काम फायबर ज्या राउटरला जोडलेली असते तो राउटरच करतो. त्याच्या मागे ‘फोन’ किंवा ‘टेल’ असे लिहिलेला लहान खाचा असतो. त्यात जुन्या फोनची वायर बसते.

अशा कॉलला दोन्ही दिशांना प्रत्येकी सुमारे ९० केबीपीएस एवढाच वेग पुरतो. ३० एमबीपीएसच्या साध्या प्लॅनच्या तुलनेत तो तीनशेव्या भागाहूनही कमी आहे. म्हणजे फोनसाठी महागडा, जास्त वेगाचा प्लॅन घेण्याचे कारण नाही. अडचण होते ती पाकिटे उशिरा किंवा मागे-पुढे पोहोचली तर. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला, की दोघे एकाच वेळी बोलू लागतात. कंपनीच्या स्वतःच्या फायबरवर आवाजाच्या पाकिटांना सहसा आधी वाट दिली जाते, म्हणून तिथे हा त्रास कमी होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरील कॉल आणि हा फोन एक नव्हेत. या फोनला एसटीडी कोडसह नेहमीचा क्रमांक असतो आणि त्यावरून कोणत्याही मोबाइल किंवा लँडलाइनला फोन लावता येतो.

भारतात हा बदल कधी झाला?

संगणकावरून इंटरनेटमार्गे बोलण्यास भारतात एप्रिल २००२ मध्ये मर्यादित परवानगी मिळाली. मात्र इंटरनेटवरून देशातील नेहमीच्या क्रमांकांवर फोन लावण्याचा मार्ग २०१८ मध्ये मोकळा झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही अ‍ॅपवर चालणारी सेवा जाहीर केली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओ फायबर बाजारात आले आणि इंटरनेटसोबत लँडलाइन फोन देण्याची पद्धत रूढ झाली.

आकडेही हेच सांगतात. २००६ च्या सुमारास देशात ५ कोटींच्या घरात लँडलाइन होत्या. मोबाइलने त्यांना मागे टाकले आणि २०२० पर्यंत ही संख्या २ कोटींच्या आसपास उतरली. त्यानंतर ती पुन्हा वाढू लागली, ती फायबरमुळे. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘ट्राय’च्या आकडेवारीत जिओने बीएसएनएलला मागे टाकून लँडलाइनमध्ये पहिला क्रमांक मिळवला. म्हणजे मोडीत निघाली ती तांब्याची तार. लँडलाइन फोन दुसऱ्या वाटेने घरात परत आला.

फायदे कोणते?

पावसाळ्यात जमिनीखालच्या जोडांत पाणी शिरून फोनवर खरखर सुरू होणे आणि मग लाइनमनची वाट पाहणे, हा अनुभव राज्यातल्या असंख्य घरांनी घेतला आहे. फायबर काचेची असते. ती गंजत नाही आणि तिच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे विजांच्या कडकडाटात तारेवाटे यंत्र जळण्याचा धोकाही घटतो. तांब्याला भंगार बाजारात भाव असल्याने तारा चोरीला जातात, काचेला तसा गिऱ्हाईक नाही.

दुसरा फायदा अ‍ॅपचा. काही कंपन्यांच्या अ‍ॅपमधून घरचा क्रमांक मोबाइलवर घेता येतो. जिओची ‘जिओजॉइन’ ही अशीच सोय आहे. मात्र असा क्रमांक पुण्याचा ०२० दाखवत असला, तरी बोलणारा माणूस रत्नागिरीत असू शकतो. म्हणून पोलीस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिका हवी असेल तेव्हा मोबाइलवरून थेट ११२ किंवा १०८ लावून पत्ता स्पष्ट सांगणे उत्तम.

वीज गेली की काय होते?

खरा बदल इथे आहे. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. राउटरचा प्लग बंद झाला, की फोन मुका होतो. आजवर फोनच्या विजेची जबाबदारी एक्स्चेंजची होती, ती आता घरमालकावर येते. ही गोष्ट विक्रीच्या वेळी क्वचितच कोणी सांगते.

शहरातही दुरुस्तीच्या कामासाठी काही तास वीजपुरवठा बंद ठेवला जातो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर मुंबईतच काही तास वीज गेली होती. त्याआधी जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा मोठ्या संकटात खांबच कोसळतात, तेव्हा तांबे काय आणि फायबर काय, दोन्ही तुटतात. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही संपतात. पण नेहमीच्या दोन-चार तासांच्या खंडित पुरवठ्यात जुना फोन टिकत असे, नवा आपोआप टिकत नाही.

उपाय फार खर्चिक नाही. राउटरसाठी लहान ‘मिनी यूपीएस’ मिळतो. राउटरच्या अडॉप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे काही लिहिलेले असते. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा यूपीएस घ्यावा. साधारण ३० वॉट-तासांची बॅटरी १० ते १२ वॉट खाणाऱ्या राउटरला दोन ते तीन तास चालवते. घरी इन्व्हर्टर असेल, तर राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, ते पाहावे. अनेक फ्लॅटमध्ये दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर असतात, टीव्हीजवळचा प्लग मात्र नसतो.

आणखी एक प्रश्न कंपनीला विचारायलाच हवा : फायबर थेट घरात येणार आहे, की इमारतीच्या जिन्यातल्या पेटीपर्यंत येऊन पुढे साधी लॅन वायर येणार आहे? थेट फायबरमध्ये वाटेवर प्रकाश विभागणाऱ्या उपकरणाला वीज लागत नाही. जिन्यातल्या पेटीला मात्र लागते. ती बंद पडली, तर घरचा यूपीएस कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य.

ब्रिटनमध्ये काय घडले?

ब्रिटनने तांब्यावरील संपूर्ण फोन जाळे डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरवले होते. तिथे एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात आपत्कालीन कळ असते. ती दाबली, की घरच्या फोनवरून मदत केंद्राला संदेश जातो. अशा सेवेवर सुमारे १८ लाख लोक अवलंबून होते. फोन इंटरनेटवर गेल्यानंतर काहींच्या कळा ऐन वेळी चालल्या नाहीत. तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांकडून हमीपत्रे घेतली आणि पुढे मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवण्यात आली. लँडलाइनशिवाय दुसरा आधार नसलेल्या ग्राहकाला वीज गेल्यानंतर किमान एक तास आपत्कालीन फोन करता येईल, अशी व्यवस्था देणे तिथे कंपन्यांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे घरोघरी अशा कळा नाहीत. पण एकट्या आजी-आजोबांचा एकमेव सवयीचा फोन म्हणजे लँडलाइन, अशी घरे पुष्कळ आहेत. तिथे ब्रिटनचा धडा लागू पडतो.

जुना क्रमांक टिकतो का?

मोबाइलमध्ये कंपनी बदलूनही क्रमांक राखण्याची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर आली. ती मोबाइलपुरतीच आहे. एकाच कंपनीच्या तांब्यावरून तिच्याच फायबरवर जाताना, घर त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत असेल, तर जुना क्रमांक बहुधा कायम ठेवता येतो. त्यासाठी नव्या जोडणीचा अर्ज न भरता ‘रूपांतरा’चा अर्ज द्यावा. कंपनी बदलली, तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. बँक, गॅस एजन्सी, विमा, निवृत्तिवेतन, डॉक्टर अशा ठिकाणी जुना क्रमांक नोंदलेला असतो. तो बदलून होईपर्यंत दोन्ही जोडण्या महिनाभर समांतर चालू ठेवणे शहाणपणाचे. जुनी जोडणी घेताना भरलेली अनामत परत मागायलाही विसरू नये.

कोणती उपकरणे अडतात?

बोटाने तबकडी फिरवायचा जुना फोन अनेक राउटरना कळत नाही. फॅक्स, चोरीची सूचना देणारी यंत्रणा आणि लिफ्टमधला आपत्कालीन फोन हे तांब्याच्या तारेसाठी बनलेले असतील, तर आधी चाचणी हवी. लिफ्टच्या फोनबाबत सोसायटीने देखभाल कंपनीशी बोलल्याशिवाय जुनी जोडणी तोडू नये. घरात दोन खोल्यांत फोन असतील, तर राउटरचा फोन-खाचा घरच्या जुन्या वायरिंगला जोडता येतो, पण त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची तार पूर्ण सोडवावी लागते. नाही तर दोन्हीकडचा प्रवाह भिडून राउटर बिघडू शकतो.

बदलण्यापूर्वी काय करावे?

‘दोन तासांत तुमचा फोन बंद होईल, अमुक आकडा दाबा’ असे सांगणाऱ्या कॉलवर विश्वास ठेवू नये. ‘ट्राय’ ग्राहकांना फोन करून क्रमांक बंद करण्याच्या सूचना देत नाही. बदलाचा अर्ज कंपनीच्या कार्यालयात किंवा अधिकृत अ‍ॅपवरच करावा.

घरात ज्येष्ठ असतील, तर राउटर त्यांच्या नेहमीच्या फोनजवळ बसवून घ्यावा आणि जवळच एक साधा बटणांचा मोबाइल चार्ज करून ठेवावा. लँडलाइनवरून मोबाइल क्रमांक लावताना आधी शून्य दाबावा लागतो, हा जानेवारी २०२१ पासूनचा नियम इथेही लागू आहे. तेव्हा फोनवर साठवलेले क्रमांक शून्यासह आहेत का, ते तपासावे.

शेवटची परीक्षा जोडणी करायला आलेल्या माणसासमोरच घ्यावी. घराचा मेन स्विच दहा मिनिटे बंद ठेवावा, घरच्या फोनवरून बाहेर एक कॉल करावा आणि बाहेरून एक मागवावा. दोन्ही झाले, तरच जुनी तार सोडायला हरकत नाही.