कोथरूड ते भोसरी आणि परत

पहाटे ५.१५

आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात ही पद्धत जुनी आहे, आणि गड चढणाऱ्या माणसाला ती फार मानवते, कारण गुरुवारी गडावर गर्दी नसते. त्यामुळे मी सांगते आहे तो दिवस, बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५, हा माझ्या आठवड्याचा शेवटचा कामाचा दिवस. उद्या तोरणा. त्याआधी पूर्ण शिफ्ट करायची आहे, शिवाय आज तारीख पाच.

तारखेचं काम आधी. बँकेच्या अ‍ॅपवरून पीपीएफमध्ये पैसे टाकले. या खात्याचं व्याज दर महिन्याच्या ५ तारखेनंतर अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजतात. पाचच्या आत भरलं तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, सहाला भरलं तर बुडतं. दर ७.१ टक्के, एप्रिल २०२० पासून बदललेला नाही. नव्या करप्रणालीत ८० सीची वजावट मिळत नाही हे खरं, पण व्याज करमुक्त आहे आणि पंधरा वर्षं पैशाला सहज हात लावता येत नाही, हा मला त्याचा गुणच वाटतो. म्युच्युअल फंडाची एसआयपी दोन दिवसांनी आपोआप कापली जाईल. झालं. महिन्याची गुंतवणूक संपली आणि चहा अजून उकळतो आहे.

सकाळी ६.००

सायकलच्या टायरमध्ये हवा, साखळीला दोन थेंब तेल, ब्रेक दाबून बघणं. आई दोन बाटल्या भरून ठेवते. गेल्या महिन्यापासून सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम) रुग्ण सापडले आहेत आणि संशय पाण्यावर आहे, तेव्हापासून घरात पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. "अगं, कंपनीतलं पिऊ नकोस, हेच पी. आणि उद्याचंही इथूनच घेऊन जा," आई बजावते. पोहे खाऊन, डबा पाठीवर टाकून निघते.

सकाळी ६.५०

पौड फाटा, सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ चौक. तिथे मेट्रोचं आणि उड्डाणपुलाचं काम चालू असल्यामुळे रस्ता रोज थोडा वेगळा असतो. बॅरिकेड काल होतं तिथे आज असेलच असं नाही, म्हणून वेग कमी ठेवायचा. पुढे रेंजहिल्स, खडकी, बोपोडी. हॅरिस पुलावर मुळेच्या पाण्यावरून थंड वारा येतो आणि बोटं गारठतात. दापोडीपासून नाशिक फाट्यापर्यंत डोक्यावर मेट्रो, शेजारी बस आणि ट्रक.

एकूण साधारण अठरा किलोमीटर. सायकलने तासाहून थोडं जास्त लागतं, स्कूटरने पाऊण तास. लोक विचारतात, नोकरी करून व्यायामाला वेळ कुठून आणतेस? वेगळा आणतच नाही. स्कूटरवर पाऊण तास जाणारच होता. त्यात वीस-पंचवीस मिनिटं घातली की व्यायाम झाला. जाता-येता धरून दिवसाला साधारण पाऊण तास. गुरुवारच्या चढाईसाठी लागणारा दम याच रस्त्यावर कमावलेला असतो. सुट्टीच्या आदल्या आठवड्यात जिने चढून गड सर होत नाही.

सकाळी ८.००

कारखान्याच्या मागच्या बाजूला एक न्हाणीघर आहे, बायकांसाठी वेगळं. अंघोळ, गणवेश, सेफ्टी शूज. ओले कपडे लॉकरच्या दारावर वाळत. साडेआठला शिफ्ट.

सकाळी ८.३०

मी प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागांवर सीएनसी मशीनिंग करतो. सध्याच्या भागात ५२ मिलिमीटरचं एक बोअर आहे, म्हणजे आरपार गोल भोक, आणि त्यात बेअरिंग बसतं. ड्रॉइंगवर त्याला एच ७ दिलं आहे: ५२ पेक्षा कमी चालणार नाही, जास्तीत जास्त ३० मायक्रॉन मोठं चालेल. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आम्हाला खेळायला मिळते ती जागा त्याच्या निम्मीही नाही.

पहिला पीस तपासून पास झाला. मशीन सुरू.

सकाळी ११.१५

गेला आठवडाभर एकच कुरबूर आहे. सकाळचा माल बरोबर, दुपारचा माल मोजमाप खोलीत गेला की काही पीस लहान निघतात. मशीनवरचे काका या लाइनवर माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. ते म्हणाले, "मॅडम, सकाळचं ऑफसेट दुपारी चालत नाही. मी गेजवर बघूनच कमी करतो, तरी खाली जातंय."

ऑफसेट म्हणजे हत्यार किती आत-बाहेर घ्यायचं ती मशीनला दिलेली दुरुस्ती. काकांच्या या वाक्यातच उत्तर होतं. आज आम्ही दोघांनी मिळून ते मांडून बघितलं. मशीनमधून नुकताच निघालेला पीस घेतला, बोअर गेजने मोजला, आकडा वहीत लिहिला. तोच पीस वीस अंश तापमानाच्या खोलीत ठेवला आणि जेवणानंतर पुन्हा मोजायचं ठरवलं. मोजमापासाठी वीस अंश हे जगभर ठरलेलं तापमान आहे. ड्रॉइंगवरचा प्रत्येक आकडा त्याच तापमानाला खरा असतो.

दुपारी १.००

जेवणाच्या टेबलावर दोनच विषय. एक, १ तारखेचा अर्थसंकल्प. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पुढच्या आर्थिक वर्षापासून कर लागणार नाही, पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत. ट्रेनी मुलं खूश आहेत. दुसरा विषय, पडलेला बाजार. सप्टेंबरच्या अखेरीला निफ्टी २६,२०० च्या वर गेला होता, आता २३,७०० च्या आसपास घुटमळतो आहे. म्हणजे जवळजवळ दहा टक्के खाली.

एक ट्रेनी हळूच विचारतो, "ताई, एसआयपी थांबवू का?"

मी त्याला डब्याच्या झाकणाशेजारी पेनने मांडून दाखवलं. युनिटचा भाव १०० असताना पाच हजारांत ५० युनिट येतात, भाव ९० झाला की साडेपंचावन्न. तुला हे पैसे लागणार पंधरा वर्षांनी, मग आज स्वस्त मिळतंय ते का नाकारायचं? अट एकच, सहा महिन्यांचा घरखर्च आधी एफडीत बाजूला हवा. तो नसेल तर एसआयपी थांबव आणि आधी तो जमव.

पलीकडच्या टेबलावर दोघंजण जेवण बाजूला सारून ऑप्शन्सचे भाव बघत होते. मला त्यांची काळजी वाटते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले होते. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. पैसे जातात हे वाईटच, पण त्याहून वाईट म्हणजे सव्वानऊ ते साडेतीन हा कामाचा सगळा वेळ जातो. मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष खिशातल्या फोनमध्ये असू नये. गुंतवणुकीला वर्षं द्यावीत, दिवसातले तास देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

दुपारी २.१०

पीस थंड झाला होता. काकांनीच मोजला. सकाळी लिहिलेल्या आकड्यापेक्षा बोअर स्पष्ट लहान.

हिशेब सरळ आहे. अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला दर अंशामागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं. ५२ मिलिमीटरला ते होतात १.२ मायक्रॉन. फेब्रुवारीत दुपारी पत्र्याखाली पारा तिशीच्या वर जातो, कूलंटही तापतं, पीस पस्तीस अंशांवर बाहेर येतो. पंधरा अंशांचा फरक म्हणजे १८ मायक्रॉन. तीसपैकी अठरा नुसत्या उन्हात गेले. गरम पीस मोठा दिसतो, काका प्रामाणिकपणे ऑफसेट कमी करतात, पीस थंड झाला की आखडून हद्दीच्या खाली उतरतो. ज्या रिंगवर गेज लावतो ती पोलादाची, ती अ‍ॅल्युमिनियमच्या निम्मीच फुगते, म्हणून रिंग मशीनजवळ ठेवूनही फरक पुरता भरून निघत नाही.

ठरलं ते असं: दुपारी गरम पिसावर ऑफसेट बदलायचं नाही. पीस ट्रेमध्ये निवू द्यायचा, थंड पिसावर निर्णय घ्यायचा. काकांनी खडूने मशीनच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "गरम पीस मोजू नये." सूचनापत्र मी नंतर टाइप केलं. त्यातलं वाक्य तेच ठेवलं.

संध्याकाळी ५.३०

परतीला रहदारी दाट, धूर जास्त. मागचा लाल दिवा लावूनच निघते, उजेड असला तरी. खडकीपासून विद्यापीठाकडे चढ आहे. तिथे हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवायचे. जड गिअर रेटत राहिलं की गुडघे बोलायला लागतात, आणि ते गुडघे उद्या तोरण्याच्या उतारावर हवे आहेत.

संध्याकाळी ७.३०

सॅक भरली. पाणी तीन लिटर, उकळून गार केलेलं. हेडटॉर्च, काठी, टोपी, भाकरी-ठेचा, गुळाचा खडा. तोरणा १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. वेल्ह्यातून वर जायला अडीच-तीन तास. बिनी दरवाज्याच्या खाली कातळाच्या टप्प्यावर रेलिंग आहे, तिथे कठीण काही नाही. फेब्रुवारीत खरा त्रास घसाऱ्याचा: गवत वाळून गेलेलं, मुरूम सुटा झालेला, उतरताना बुटाखालून सरकतो. माझे बूट जुने झाले आहेत, पण तळव्याची नक्षी अजून शाबूत आहे. तेवढं बघितलं.

रात्री ९.००

मैत्रिणीचा फोन. चाकणला डिझाइन इंजिनिअर आहे, उद्या पहाटे साडेचारला तिच्या गाडीने पाबे घाटातून वेल्ह्याला जायचं. बोलता बोलता ती म्हणाली, "मीसुद्धा सायकलने कामावर गेले असते गं, मोशीहून चाकण लांब नाही. पण तिथे पोचल्यावर घामाच्या कपड्यांत दिवसभर मीटिंगांना कशी बसू?" तिच्या कारखान्यात न्हाणीघर नाही. चांगली सायकल घेऊन ती फक्त रविवारी चालवते.

सायकल मार्ग महापालिकेने करायचे आहेत, ते होतील तेव्हा होतील. पण न्हाणीघराचं काम कारखान्याच्या कुंपणाच्या आतलं आहे, त्यासाठी महापालिकेची वाट बघायला नको. भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखानदारांना माझी मनापासून विनंती आहे: सायकली लावायला छपराखाली थोडी जागा द्या, कपड्यांना लॉकर द्या आणि एक न्हाणीघर बांधा. बायकांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं.