माणशी एक घमेलं

पुराचं पाणी घरातून उतरलं की दारात दोन वस्तू येतात, फावडं आणि घमेलं. बोट, दोरखंड, सायरन यांचं काम तोवर आटोपलेलं असतं. मागे उरतो तो गाळ: काळा, चिकट, गटाराच्या वासाचा, पलंगाखालच्या पेटीत आणि देवघरातल्या ताम्हणातही साचलेला. २३ सप्टेंबर २०२३च्या शनिवारी नागपूरच्या कितीतरी घरांत तो होता. गणेशोत्सवाचा पाचवा दिवस होता. त्या दिवसाचा हिशेब मांडायला मी अनेकदा बसलो आहे, आणि दर वेळी वरून पडलेल्या पाण्यापासून सुरुवात करून या घमेल्यापाशीच येऊन थांबलो आहे.

आधी पाण्याचं पाहू. मध्यरात्रीनंतर पावसाने जोर धरला. विमानतळावर पहाटे साडेपाचपर्यंत १०६ मिलिमीटरची नोंद झाली. नागपूरला वर्षभरात हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे वर्षाचा जवळपास दहावा हिस्सा एका रात्रीत कोसळला. मिलिमीटर हा शब्द मात्र फसवा आहे. १०६ मिलिमीटर म्हणजे वीतभरही पाणी नाही, घोटाच्या थोडं वर. पण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. महापालिकेची जुनी हद्द सुमारे २१७ चौरस किलोमीटरची. सगळीकडे सारखाच पाऊस पडला असं धरलं (तसा तो कधीच पडत नाही, पण अंदाजापुरतं धरू), तर शहरावर २,३०० कोटी लिटर पाणी आलं.

दहा हजार लिटरचा टँकर उन्हाळ्यात वस्तीत येतो, तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. असे २३ लाख टँकर. एकामागे एक, प्रत्येकाला सात मीटर जागा दिली, तर रांग सोळा हजार किलोमीटरची होते. आपल्याच शहरातून जाणारा श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग सुमारे चार हजार किलोमीटरचा आहे. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत टँकरच्या चार रांगांनी भरून जाईल.

हे पाणी आभाळात चढवायला किती ताकद लागली असेल? एक लिटर पाण्याची वाफ करायला जी उष्णता लागते, तिला २,३०० कोटींनी गुणलं, तर उत्तर दीड हजार कोटी युनिटांच्या घरात जातं. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तिन्ही संच एक मिनिटही न थांबता पूर्ण क्षमतेने चालवले, तरी एवढ्या ऊर्जेला दहा-अकरा महिने लागतील. सूर्याने समुद्रावर केलेलं ते काम आपल्या डोक्यावर काही तासांत रिकामं झालं.

अंबाझरी तलावाचा बांध दीडशे वर्षांहून जुना. तलाव भरून वाहू लागला आणि ते पाणी नाग नदीत शिरलं. ज्या नदीच्या नावाने हे शहर ओळखलं जातं, तिला आम्ही नाला म्हणू लागलो होतो. त्या रात्री तिने आपली जुनी रुंदी परत घेतली. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांत माणसं झोपेतच असताना पाणी गाद्यांना लागलं. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. दहा हजारांच्या आसपास घरांचं नुकसान झाल्याचं सरकारने सांगितलं. किमान चार जणांचा जीव गेला.

आता दुसरा आकडा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ. देशभरात सोळा बटालियन, प्रत्येकीत ११४९ जण. एकूण अठरा हजारांवर. एकशेचाळीस कोटींच्या देशात ७६ हजार माणसांमागे एक जवान. २०११च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. त्या हिशेबाने या शहराच्या वाट्याला बत्तीस जवान येतात. मला हे जवानांना कमी लेखण्यासाठी सांगायचं नाही. त्या सकाळी एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि लष्करही पाण्यात उतरलं, शेकडो लोकांना त्यांनी बाहेर काढलं. त्यांत मूकबधिर विद्यालयातली मुलंही होती. अंधारात ज्यांना हाक मारून जागं करता येत नाही, अशा मुलांपर्यंत कुणीतरी चालत जावं लागतं, खांद्याला हात लावावा लागतो. पण बत्तीस हा आकडा समोर ठेवला की कळतं, बाकीच्या दारांवर त्या रात्री कोणी थाप दिली असेल.

जगातही असंच दिसतं. १७ जानेवारी १९९५ला जपानमध्ये कोबे शहराला भूकंप झाला. ढिगाऱ्यातून सुटकेसाठी मदत लागली अशांची संख्या सुमारे ३५ हजार. त्यांतल्या जवळपास २७ हजारांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढलं. पोलीस, अग्निशमन दल आणि सैन्याच्या वाट्याला आठेक हजार आले. चाराला तीन! कारण उघड आहे. तुमच्या घरात किती माणसं, म्हातारी कुठल्या खोलीत झोपते, हे शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. त्यानंतरच्या वर्षभरात तिथे तेरा लाखांहून अधिक स्वयंसेवक राबले.

नागपूरला तर ही विद्या घरचीच म्हणायची. १९५७मध्ये आपत्तीत मदत कशी करावी हे शिकवणारी केंद्रीय संस्था इथेच निघाली; तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. अग्निशमनाचं राष्ट्रीय महाविद्यालयही त्याच सुमारास इथे आलं. देशभरातली माणसं शिकायला ज्या शहरात येतात, तिथल्या किती मोहल्ल्यांत एक साधा दोर आणि चार जॅकेटं ठेवलेली आहेत, हे मला प्रत्येक नगरसेवकाला विचारावंसं वाटतं.

आणि आता घमेलं. समजा, पाचशे चौरस फुटांचं घर आहे आणि दोन इंच गाळ. गाळ होतो सव्वादोन-अडीच हजार लिटर. घमेल्यात दहा लिटर मावतो, म्हणजे एका घरातून २३० घमेली. ओल्या गाळाचं घमेलं पंधरा किलोंचं तरी भरतं. एका घरातून साडेतीन टन चिखल, तोही बहुधा घरातल्या पन्नाशीच्या माणसाने कमरेत वाकून काढायचा. दहा हजार घरं धरली, तर २३ लाख घमेली.

इथे मी पहिल्यांदा दचकलो. आभाळातून २३ लाख टँकर, घरांतून २३ लाख घमेली, आणि शहरात माणसं चोवीस लाख. माणशी एक टँकर पाणी पडलं होतं आणि माणशी एक घमेलं चिखल उचलायचा होता. हा निव्वळ योगायोग आहे. गाळ दोनाऐवजी तीन इंच धरला की तो मोडतो. तरीही तो मनातून जात नाही.

एका माणसाने भरायचं, उचलायचं, रस्त्यावर टाकून परत यायचं, याला दोन मिनिटं धरली, तर एका घराला पावणेआठ तास होतात. असा एकच माणूस रोज आठ तास, रविवारची सुट्टीही न घेता, दहा हजार घरं साफ करू लागला, तर त्याला सव्वीस वर्षं लागतील. त्याच घरात दहा जणांची साखळी लावा. दर पंधरा सेकंदांनी एक घमेलं हातातून हातात गेलं, तर तासाभराच्या आत फरशी दिसू लागते. श्रम वाचतात असं नाही. माणूसतास मोजले तर साखळीत ते थोडे जास्तच लागतात. पण कुणा एकाची कंबर मोडत नाही, आणि संध्याकाळी त्या घरात चूल पेटवायला जागा होते.

चुलीचंही तसंच. दहा हजार घरांत चार-चार माणसं धरली, तर एका वेळच्या जेवणाला माणशी चार पोळ्या, म्हणजे एक लाख साठ हजार पोळ्या. अठ्ठेचाळीस क्विंटल कणीक. ऐकून छाती दडपते. पण शहरात घरं पाच लाखांच्या आसपास असतील. त्यांतल्या अडीचशेत एका घराने ऐंशी पोळ्या लाटल्या की भागलं. दीड तासाचं काम, अडीच किलो कणीक. लग्नघर पाहिलेल्या बाईला ऐंशी पोळ्यांचं काय सांगायचं!

मदतीचा एक प्रकार या आकड्यांत बसत नाही. पूर ओसरल्यावर काही रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, तलावाच्या सांडव्यापुढचे अडथळे आणि बांधाची सुरक्षितता यांचा जाब मागायला. एका याचिकेला किती घमेली म्हणायची?

आणि एक आकडा असा आहे, की त्याला मी कशानेही भागत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं, नरखेड तालुक्यातलं मोवाड. ३० जुलै १९९१ला वर्धा नदी गावात शिरली. २०४ माणसं गेली. तिथे साखळ्या लागल्या असतील, पोळ्याही पोहोचल्या असतील. २०४ हा आकडा तेवढाच राहिला. मोवाडकर दर वर्षी त्या दिवशी आपल्या माणसांना श्रद्धांजली वाहतात.

साखळीबद्दल एक सांगायचं राहिलं. दहा जणांच्या रांगेला विसेक घमेली पुरतात, पण एका अटीवर: रिकामी झालेली परत आत आली पाहिजेत. ती थांबली की मिनिटभरात सगळी रांग थांबते. हे काम मोठ्यांनी करायचं नसतं, त्यांचे हात भरलेल्या घमेल्यांत गुंतलेले असतात. रिकाम्यांची रांग आठ-दहा वर्षांच्या पोरांची लावायची. दोन-दोन, तीन-तीन एकात एक घालून ती पळत येतात आणि पळत जातात, आणि त्यांना २३० हा आकडा मोठा वाटत नाही.