सहाय्यकाचा पगार आणि जबाबदारी

पराभव झाला की प्रेक्षक विचारतो : या प्रशिक्षकाला पगार कशाचा देता? १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्ध आपले पहिले तिघे फलंदाज प्रत्येकी एकच धाव काढून बाद झाले. विश्वचषकाचा उपांत्य सामना १८ धावांनी गेला. धोनी सातव्या क्रमांकावर आला. तो निर्णय आपल्या एकट्याचा नव्हता, असे फलंदाजी प्रशिक्षक संजय बांगर यांनी पुढे सांगितले. ऑगस्टमध्ये बांगर गेले. मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री राहिले.

आम्ही कोन-भिवंडीच्या यंत्रमागांत वावरलेली माणसे. कापडात दोष निघाला की आधी जॉबरला धरतात. सूत कोणी घेतले, हे कोणी विचारीत नाही. प्रेक्षकांचा राग रास्त आहे. खेळ त्यांच्याच पैशावर चालतो. मात्र हिशेब नेमणाऱ्याकडे मागावा : काम कोणते, अधिकार किती, मोबदला किती?