पुळणीवरचा फुटबॉल आणि तिसऱ्या क्रमांकाचे मोल



खेळांच्या स्पर्धांमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी होणारा सामना सामान्यतः उपेक्षितच राहतो. उपान्त्य फेरीत हरलेले दोन संघ खट्टू मनाने पुन्हा मैदानात उतरतात, प्रेक्षक अंतिम सामन्याची वाट पाहता पाहता वेळ जावा म्हणून तो पाहतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. परंतु एक स्पर्धा अशी आहे, की तिच्यात हाच सामना सर्वांत अटीतटीचा ठरतो, आणि अंतिम सामना मात्र त्या मानाने निश्चिंत मनाने खेळता येतो. वाळूवरील फुटबॉलची, म्हणजे ज्याला बीच सॉकर म्हणतात त्या खेळाची, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा ही ती होय. हे उलटे गणित कसे जुळते आणि त्यात आपल्या देशाचे स्थान काय, हे आज थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

मार्च २०२५ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे ही आशियाई स्पर्धा झाली. नावाने ती अजिंक्यपदाची. परंतु तिचे खरे महत्त्व पात्रता-स्पर्धा म्हणून होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर वाळूवरील फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा व्हावयाची होती. तिच्यात सर्व जगातून केवळ १६ संघांना प्रवेश होता. या सोळा जागांची वाटणी खंडवार झालेली होती. युरोपाला चार, दक्षिण अमेरिकेला तीन, आशियाला तीन, उत्तर व मध्य अमेरिकेला मिळून दोन, ओशियानियाला एक, आणि आफ्रिकेला दोन व त्याशिवाय यजमान या नात्याने सेशेल्सची एक, असा तो हिशेब होता.

आता पट्टायाकडे वळू. तेथे १६ संघांची चार गटांत विभागणी झाली. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ पुढे जाणार, म्हणजे आठ उरणार. त्या आठांतून चार, आणि चारांतून दोन. उपान्त्य फेरीत जिंकलेले दोन संघ अंतिम सामना खेळणार हे खरे. पण त्यांची सेशेल्सची वाट त्याच क्षणी मोकळी झालेली असते. आशियाच्या वाट्याच्या तीन जागांपैकी दोन भरल्या. उरली एक, आणि तिच्यावर हक्क सांगणारे हरलेले संघ दोन. लहान मुलांच्या संगीत-खुर्चीत शेवटच्या खुर्चीभोवती जी धावपळ होते, तीच येथे तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात होते. जो जिंकेल तो जगाच्या स्पर्धेला जाईल. जो हरेल त्याला चौथ्या क्रमांकाचे समाधान मानून पुढील पात्रता-स्पर्धेपर्यंत थांबावे लागेल. शेवटी इराणने विजेतेपद मिळविले, आणि इराण, ओमान व जपान हे तीन देश सेशेल्सला गेले.

ज्या खेळासाठी ही एवढी चुरस, तो तसा जुना नाही आणि अगदी नवाही नाही. ब्राझीलमधील रिओ शहराच्या कोपाकबाना किनाऱ्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या वाळूत फुटबॉल खेळत आले. परंतु त्या हौशी खेळाला लेखी नियमांची चौकट १९९२ साली मिळाली. १९९५ पासून कोपाकबानावर जागतिक स्पर्धा भरू लागल्या. २००५ साली फिफा या आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने ही स्पर्धा आपल्या छत्राखाली घेतली, आणि त्या पहिल्या वर्षी, ब्राझीलच्याच भूमीवर, फ्रान्सने विश्वचषक जिंकला. त्या संघाचे मार्गदर्शक होते एरिक काँतोना. जगाची स्पर्धा म्हटली की तिच्यात कोणाला घ्यावे हा प्रश्न आलाच. त्यातूनच खंडोखंडी पात्रता-स्पर्धांचा क्रम सुरू झाला. आशियातील पहिली स्पर्धा २००६ साली दुबईत झाली व ती बहारीनने जिंकली.

नेहमीचा फुटबॉल जाणणाऱ्याला या खेळात पहिल्याच मिनिटाला वेगळेपणा जाणवतो. मैदान लहान, सुमारे ३६ मीटर लांब आणि २७ मीटर रुंद. वाळूचा थर निदान ४० सेंटिमीटर खोल हवा, आणि शंखशिंपले व खडे वेचून ती स्वच्छ केलेली हवी, कारण खेळाडू अनवाणी असतात. वाळूत चुन्याच्या रेघा टिकत नाहीत; म्हणून मैदानाची सीमा रंगीत फितीने आखतात, आणि मध्यरेषा कोठे, दंडक्षेत्र कोठे, हे बाहेर रोवलेल्या निशाणांवरून समजून घ्यावे लागते. दोन्ही बाजूंना गोलरक्षक धरून पाच पाच खेळाडू. संघात एकूण १२ जण असतात आणि खेळ न थांबविता केव्हाही, कितीही वेळा बदली करता येते. सामना बारा बारा मिनिटांच्या तीन भागांत होतो.

छत्तीस मिनिटे म्हणजे फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. त्याने एकदा भरतीरेषेच्या वरच्या, सुक्या भुसभुशीत वाळूत शंभर पावले धावून पाहावे. कठीण जमिनीवर धावण्यास जेवढी शक्ती लागते, तिच्या सुमारे १.६ पट शक्ती वाळूत धावण्यास लागते, असे शास्त्रज्ञांनी मोजून दाखविले आहे. चालण्याच्या बाबतीत तर हे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. कारण उघड आहे. आपण पाय रेटतो तेव्हा जमीन तो रेटा परत देते. वाळू मात्र तो गिळून टाकते. पायाच्या स्नायूंचे पुष्कळसे श्रम शरीर पुढे नेण्याऐवजी वाळू बाजूला सारण्यात खर्ची पडतात. बदलीला मर्यादा का नाही, याचे उत्तर येथे मिळते. दोन-चार मिनिटे जीव तोडून खेळावे, बाहेर यावे, श्वास घ्यावा, पुन्हा आत जावे, अशीच या खेळाची रीत आहे.

वाळू पायांना जशी दगा देते तशीच चेंडूलाही देते. सपाट हिरवळीवर चेंडू सरळ घरंगळतो. येथे तो कोणत्या खळग्यात अडेल आणि कोणत्या उंचवट्यावरून उसळेल याचा नेम नाही. म्हणून जाणता खेळाडू चेंडू जमिनीवर ठेवीतच नाही. बोटांनी तो अलगद वर उचलायचा, छातीवर किंवा मांडीवर झेलायचा, आणि खाली पडण्यापूर्वीच साथीदाराकडे धाडायचा, ही येथली मूळ विद्या. पाठीवर पडत, पाय डोक्यावरून नेत मारलेला फटका मोठ्या मैदानावर क्वचितच दिसतो आणि त्याचे नवल होते. वाळूत पडण्याची भीती नसल्यामुळे येथे तो रोजचा असतो. मैदान लहान असल्यामुळे खुद्द गोलरक्षकही आपल्या जागेवरून समोरच्या गोलाचा वेध घेतो. दंडाचा फटका मारताना समोर खेळाडूंची भिंत उभारण्यास मज्जाव आहे, आणि थांबलेला खेळ चार सेकंदांत सुरू करावा लागतो. साहजिकच गोल भराभर होतात.

गुण मोजण्याची पद्धत तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या खेळात बरोबरी नाही. ३६ मिनिटांत निकाल लागला नाही तर तीन मिनिटे जादा खेळ, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर पेनल्टीचे फटके. परंतु तिन्ही मार्गांनी मिळालेल्या विजयांचे मोल सारखे नाही. ठरल्या वेळेत जिंकल्यास तीन गुण, जादा वेळेत जिंकल्यास दोन, आणि पेनल्टीवर जिंकल्यास केवळ एक. हरणाऱ्याला काहीच नाही. गटात प्रत्येकाच्या वाट्याला तीनच सामने असतात, हे ध्यानात ठेवून एक उदाहरण घ्या. एका संघाने दोन सामने पेनल्टीवर जिंकले व एक गमावला. त्याचे गुण दोन. दुसऱ्याने दोन सामने गमावले, पण एक ठरल्या वेळेत जिंकला. त्याचे गुण तीन. म्हणजे दोन विजय मिळविणारा खाली आणि एकच विजय मिळविणारा वर! शेवटच्या दोन मिनिटांत सामना बरोबरीत असताना पंचांच्या शिट्टीची वाट पाहात बसणे का परवडत नाही, हे यावरून कळेल.

आता आपल्या देशाकडे येऊ. पट्टायाच्या त्या सोळा संघांत भारत होता. थायलंड, कुवेत व लेबनॉन यांच्या गटात तो खेळला. गटातून पुढे मात्र जाऊ शकला नाही. त्याआधी भारताचा संघ या स्पर्धेत उतरला होता तो २००७ साली. मधे १८ वर्षे गेली. २००७ साली जन्मलेले मूल २०२५ साली मताधिकारास पात्र झाले, एवढा हा काळ. त्या अवधीत इराण, जपान व ओमान यांनी पात्रता-स्पर्धांचे कित्येक फेरे घातले, हरले, जिंकले आणि शिकले. अशा संघांपुढे आपण पहिल्याच फेरीत थांबलो यात खेळाडूंना दोष देता येत नाही. ज्या मुलाला वर्षभर वर्गात बसविलेच नाही, त्याच्या उत्तरपत्रिकेवर शिक्षकाने रागावण्यात अर्थ नाही.

यावर लोक सहज म्हणतात, की आपल्याला एवढा मोठा समुद्रकिनारा लाभला आहे, मग अडचण ती काय? गोव्यात तर ही भावना विशेष आहे, आणि ती स्वाभाविकही आहे. १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी गोव्यात फुटबॉल आणला असे सांगतात. तेव्हापासून फेस्ताच्या निमित्ताने, कापणी झालेल्या शेतांत, चर्चच्या पटांगणात आणि संध्याकाळी रापण ओढून झाल्यावर पुळणीवर, हा खेळ आमच्या गावांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु समुद्र कोणाला प्रवेशपत्रिका देत नाही, हे या खेळाचा इतिहासच सांगतो. सेशेल्समधील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलशी गाठ पडली ती बेलारूसची. बेलारूसला समुद्रकिनारा मुळीच नाही. तरीही ब्राझीलला तो सामना ४–३ अशा एकाच गोलाच्या फरकाने जिंकता आला. २००९ साली दुबईत अंतिम सामन्यापर्यंत गेलेले स्वित्झर्लंडही तसेच चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले. आपल्याकडे २०२३ साली सुरतेच्या डुमस किनाऱ्यावर वाळूवरील फुटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा विजेत्या केरळाशी अंतिम सामना खेळला तो पंजाब. त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत घरच्या वाळूवर खेळणाऱ्या गोव्यालाही अंतिम सामन्यात केरळाकडून हार पत्करावी लागली. चाळीस सेंटिमीटर स्वच्छ वाळू इंदुरातही घालता येते, ग्वाल्हेरीतही घालता येते. तिच्यावर नियमाने काय शिकविले जाते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

उलट बाजूचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. पॅसिफिक महासागरातील ताहिती हे बेट ज्या फ्रेंच पॉलिनेशियात मोडते, त्या सबंध प्रदेशाची लोकसंख्या तीन लाखांच्या आत आहे. ओशियानियाच्या वाट्याला विश्वचषकाची जागा एकच. ती जिंकली नाही तर दुसरा आधार नाही. अशा संघाने २०१३ साली आपल्या बेटावर विश्वचषक भरविला, त्यात चौथा क्रमांक मिळविला, आणि पुढे २०१५ व २०१७ अशा लागोपाठ दोन विश्वचषकांत उपविजेतेपद पटकाविले. मोठ्या मैदानावरील अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये एवढ्याशा समाजाला जगाच्या अंतिम सामन्याचे स्वप्नही पडणे कठीण. येथे बारा खेळाडू पुरतात, वाळू फुकट असते, बूट लागत नाहीत. लहान व गरीब समाजांना जगाच्या पंक्तीत मानाने बसता यावे असा हा खेळ आहे; आणि त्या पंक्तीचे दार म्हणजे पात्रता-स्पर्धा.

म्हणून एका स्पर्धेतील जयापजयापेक्षा त्या दारापाशी नेमाने जात राहणे अधिक महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय स्पर्धा दर वर्षी ठरल्या वेळी व्हावी, किनाऱ्यावरील शाळांनी आपल्या क्रीडादिनात वाळूवरील सामन्यास जागा द्यावी, आणि आशियाई स्पर्धेला संघ पाठविण्यात पुन्हा १८ वर्षांचा खंड पडू नये, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. ज्या मच्छीमाराच्या मुलाला वाळूत तोल सांभाळण्याचे शिक्षण जन्मतःच मिळाले आहे, त्याच्या त्या अंगच्या गुणाला नियमांची ओळख, शिक्षकाची नजर आणि प्रतिस्पर्ध्याची सवय यांची जोड हवी. ती मिळाली तर एखाद्या वर्षी तिसऱ्या क्रमांकाच्या त्या उपेक्षित सामन्यात शेवटच्या खुर्चीसाठी धावणाऱ्या दोन संघांपैकी एक आपलाही असेल.

तो सामना पाहण्याचा योग आपणा सर्वांना येवो.